शाल-श्रीफळानंतर काय?

मंडळी, दोन सरकारांची मैत्री झाली की आपण टाळ्या वाजवतो. पाहुणे येतात, दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ दिले जाते, करारावर सह्या होतात आणि फोटोत आपली कार्यकारिणी नऊवारी-झब्ब्यात हसत उभी असते. माझी त्याला मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती फोटोनंतरच्या शांततेला. पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आपण तर नाहीच नाही!

आपण राहतो ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि महाराष्ट्र यांचे नाते आजचे नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. सातपूरच्या बॉशच्या कारखान्याला जुने नाशिककर अजून ‘मायको’च म्हणतात. मर्सिडीजच्या गाड्या १९९५ पासून पुण्यात आणि २००९ पासून चाकणला जोडल्या जात आहेत. २०१५ पासून दोन्ही राज्यांची अधिकृत भागीदारी आहे. म्हणजे यंत्रांचा आणि भांडवलाचा रस्ता चांगला मळलेला आहे. फेब्रुवारी २०२४ चा करार मात्र वेगळा. त्यात माणसे पाठवायची आहेत. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक असे कुशल मनुष्यबळ महाराष्ट्राने पुरवायचे, आणि सुरुवातीचा आकडा १०,००० चा.

मी याला मैत्री म्हणण्याआधी व्यवहार म्हणतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही. इथे युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी निवृत्त होते आहे. तिकडे आयटीआय झालेली मुले कामासाठी वणवण करत आहेत. गरज दोघांनाही आहे. पण व्यवहार म्हटला की अटी वाचाव्या लागतात, आणि त्यांचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडते तेही पाहावे लागते.

भारतातली परिचारिका इथे उतरल्याबरोबर परिचारिका होत नाही. तिला साधारण बी-२ पातळीचे जर्मन लागते. तिच्या शिक्षणाची समकक्षता तपासली जाते. उणीव निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोवर काम सहायकाचे आणि पगारही सहायकाचा. ट्रक चालवणाऱ्याचे भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालते. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, शिवाय व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी. आणि पुस्तकातले जर्मन घोटून आलेल्या मुलीला वॉर्डातल्या आजीबाई श्वेबिशमध्ये हाक मारतात, तेव्हा तिची काय अवस्था होते, ते आपल्याला सांगायला नको!

या अटी अन्यायाच्या आहेत असे मी म्हणत नाही. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हे बरोबरच आहे. पण दहा हजारांचा आकडा जितक्या मोठ्याने सांगितला गेला, तितक्याच मोठ्याने या अटी सांगितल्या गेल्या का? मला लातूर, सांगली, जळगावहून ओळखीपाळखीतून फोन येतात. प्रश्न ठरलेला: “काका, एजंट तीन लाख मागतोय. देऊ का?” दोन सरकारांच्या करारात एजंट आला कुठून? जिथे सरकारची माहिती वेळेवर पोचत नाही, तिथे एजंट पोचतो. आणि गहाण पडते ते बापाचे शेत.

काही जण म्हणतात, “आम्ही नाही का कष्ट काढले? त्यांनाही काढू देत.” क्षमा करा, पण ही तुलना खोटी आहे. आपल्यातले बरेच जण अभियांत्रिकीची पदवी घेऊन, कंपनीचे पत्र हातात धरून, इंग्रजीवर निभावणाऱ्या कचेऱ्यांत आलो. रात्रपाळीच्या वॉर्डात किंवा बांधकामावर इंग्रजी चालत नाही. आपली वाट अवघड होती, त्यांची अधिक अवघड आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. दोन्ही सरकारांनी दरवर्षी हिशेब जाहीर करावा: किती जण भाषा शिकले, किती आले, किती जणांना स्वतःच्या व्यवसायात मान्यता मिळाली, किती परत गेले. भाषेचे शिक्षण गावाजवळ आणि विद्यावेतनासह व्हावे. आणि देवघेव दुहेरी असावी. इथला शिकाऊ कामगार तीन-साडेतीन वर्षे कारखाना आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी शिकतो. ती पद्धत आपल्या आयटीआयमध्ये नीट रुजवायला या राज्याने मदत करावी. म्हणजे जो मुलगा येणार नाही, त्यालाही कराराचा उपयोग होईल. नाहीतर शिकवण्याचा खर्च आपला आणि हात त्यांचे, असे व्हायचे.

मैत्री कशी असते, तेही याच राज्याने दाखवले आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर धनगरांबरोबर फिरले, खंडोबा आणि विठोबा समजून घेण्यात त्यांनी आयुष्य घातले. १९९२ मध्ये ते गेले, तरी महाराष्ट्रातले अभ्यासक अजून त्यांचे नाव आदराने घेतात. त्यांनी आधी आपली भाषा शिकून घेतली होती.

आपल्या मंडळाकडे मंत्रालयाची सत्ता नाही. पण महिन्यातला एक शनिवार आहे, सभागृह आहे आणि कागदपत्रे समजणारी माणसे आहेत. त्या शनिवारी नव्याने आलेल्यांचे कागद वाचून द्यायला बसू या. आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की शाल जरूर घालू, पण हिशेबाचा कागद मागितल्याशिवाय फोटोला उभे राहायचे नाही, एवढे ठरवू या.