ऑक्टोबरचे काम एप्रिलमध्ये

जानेवारी सरतो, पुणे-पिंपरीत डासांच्या तक्रारी वाढतात, वर्तमानपत्रांत मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीच्या हिरव्यागार पात्रांची छायाचित्रे येतात आणि मग जलपर्णी काढण्याची निविदा निघते. यंत्र पाण्यात उतरेपर्यंत बऱ्याचदा एप्रिल उजाडतो. दोन महिने उपसा चालतो. उरलेली जलपर्णी जूनचा पहिला लोंढा भीमेत ढकलतो, तिथून ती उजनीकडे जाते. वरच्या गावाचा प्रश्न सुटला, असा अहवाल लिहायला मग हरकत नसते.

हे काम ऑक्टोबरचे आहे. पुराने पात्र धुतल्यावर बंधाऱ्यामागे, पुलाच्या खांबांना आणि काठाच्या डबक्यांत थोडीच रोपे अडकून राहतात. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. थंडीचा विचार करून महिन्याचा हिशेब धरला, तरी ऑक्टोबरातला एक गुंठा एप्रिलपर्यंत दीड एकराच्या वर जातो. होडी, दाताळे आणि चार माणसे यांना जमणारे काम आपण पोकलेनला देतो.

याला निविदेची अटही कारणीभूत आहे. मोबदला टनावर असेल, तर ठेकेदाराने वाढ होईपर्यंत थांबावे यात नवल काय? त्या टनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. पैसे मोकळ्या राहिलेल्या पाण्याचे, महिन्यागणिक मोजून द्यावेत. काढलेला माल काठावर कुजत ठेवला तर त्यातले नत्र-स्फुरद पावसाबरोबर पुन्हा नदीत येते, म्हणून वाहतूकही त्याच कामात धरावी.

एकदाच्या मोहिमेने ही वनस्पती संपणार नाही. तिचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे तग धरते. नित्याची काढणी थांबली की काय होते, ते भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात दिसले: 1982 साली म्हशींची चराई बंद केली आणि पास्पेलम गवताने पाणथळीचा श्वास कोंडला. तो धडा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आला. म्हशी रोज थोडे-थोडे खात होत्या, त्या कामाची किंमत त्या गेल्यावर कळली.

जलपर्णी खाण्यासाठी ऐंशीच्या दशकात भारतात आणलेल्या निओचेटिना भुंग्यांबद्दल आपल्याकडे आधी भाबडी आशा आणि मग अकाली निराशा दिसते. त्यांना काही वर्षे लागतात, आणि नत्राने माजलेली रोपे खाल्लेल्या पानांपेक्षा वेगाने नवी पाने काढतात. शिवाय यंत्र रोपांबरोबर भुंगेही उचलते. भुंगे सोडलेल्या पाण्यात एखादा पट्टा न काढता ठेवायलाच हवा.

नांदूर मध्यमेश्वरला, राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळी, हिशेब आणखी नाजूक आहे. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या वनस्पतींवर घरटी करतात, त्यामुळे तिथे सरसकट उपसा करून चालणार नाही. गोदावरीतून येणारी जलपर्णी जलाशयाच्या वरच्या अंगाला तरंगता अडसर लावून अडवणे अधिक शहाणपणाचे.

निधी मार्चअखेर हाती येतो, ऑक्टोबरात काम काढायचे कसे, हा अभियंत्यांचा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय एकच: दोन आर्थिक वर्षांवर पसरणारा देखभालीचा करार, ज्याचा कार्यादेश गणपती उठायच्या आत निघेल.