नावे सांभाळायला शिकवणारा माणूस हवा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा जगाला कळायलाच हवा होता. पण त्यामागची नावे, गावे आणि आजारांच्या नोंदी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरल्या, तर त्या बायकांनी तोंड कुठे लपवायचे?

छत्रपती संभाजीनगरात बसून मराठवाडाभर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांपुढे माहिती जपण्याचा हा प्रश्न रोजचा आहे. आधारकार्डांचे फोटो, पासबुके, कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशनाच्या नोंदी असे सारे कार्यकर्त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये साठते आणि संध्याकाळी त्याच मोबाइलवर घरातली मुले गेम खेळतात. ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड चौघांना ठाऊक असतो, त्यातला एखादा नोकरी सोडून गेलेला असतो. यात कार्यकर्त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलेच नाही.

मोठ्या संस्थांचीही यातून सुटका नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या सर्व्हरवर हल्ला झाल्याचे जानेवारी २०२२ मध्ये उघड झाले आणि ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागल्याचे कळले. युद्धात, आपत्तीत घरच्यांपासून ताटातूट झालेली माणसे त्यांत होती.

म्हणूनच संस्थांना डिजिटल सुरक्षा शिकवणे हा पूर्णवेळ, पगारी पेशा व्हायला हवा. असा प्रशिक्षक अँटिव्हायरस विकत नाही. तो आधी विचारतो, ही माहिती गोळा तरी कशाला करता? नको ते पुसायला लावतो. मग प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून घेतो, फोन हरवला तर पहिल्या तासात काय करायचे याची तालीम घेतो, पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायला सांगतो. हे वैजापूर, पैठणच्या कार्यकर्त्यांच्या बोलीत, त्यांच्याच ऑफिसात बसून सांगावे लागते. तीन महिन्यांनी परत जाऊन पाहावेही लागते, कारण एका दिवसाच्या कार्यशाळेने सवयी बदलत नाहीत.

पैशाचे काय? परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्यात प्रशिक्षणाला सर्वांत आधी कात्री लागते. दुसरीकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तयारीला अठरा महिन्यांचीच मुदत दिली आहे.

छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठाच्या आवारात नाइलिट या माहिती तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे केंद्र आहे, समाजकार्य शिकणारी मुले शहरात आहेत. या दोघांची गाठ घालून प्रशिक्षक घडवता येतील. वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून त्यांचे पगार द्यावेत आणि ते प्रशासकीय खर्चात न ढकलता प्रकल्पखर्चातच धरावेत.