दोष कृत्याचा की जन्माचा?

धर्मापुरी काय किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव काय, चोरी झाली की पंचनाम्याआधीच संशयाचे बोट पारध्यांच्या पालाकडे वळते. फौजदारी कायद्याचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे. गुन्ह्याची प्रतवारी कृत्यावरून व त्यामागील हेतूवरून ठरते, आणि आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

नानावटी खटल्यात खून की सदोष मनुष्यवध, हा प्रश्न होता. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते. तेवढ्या अवधीत मनावर ताबा मिळवता आला असता, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, तरी हा भेद कायम आहे.

एका अधिकाऱ्याच्या तीन तासांचा इतका सूक्ष्म हिशेब झाला. पण १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र उरला. म्हणूनच विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही पोलिसांना बजवावे लागले.

या संशयाची किंमत बुडालेल्या मजुरीत आणि सुटलेल्या शाळेत मोजावी लागते. कलमे संसद बदलते. पंचनाम्याआधी दिला जाणारा निकाल मात्र आपणच, गावच्या चावडीवर, बदलावयास हवा.