मांसाला निरोप देणारा उत्सव

‘कार्निव्हल’ हा शब्द आपल्या घरांत उच्चारला गेला की ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते. गोवा, मद्य, रात्री उशिरापर्यंतच्या पार्ट्या, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते अगदीच निराधार आहे असेही म्हणता येत नाही. परंतु शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर भातकुलीच्या आदिनाथांच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्याला क्षणभर थबकावे लागते. लॅटिन भाषेत ‘कार्ने’ म्हणजे मांस आणि ‘लेव्हारे’ म्हणजे दूर करणे. मांस दूर करण्याचा काळ समीप आला, म्हणून त्याआधीचा हा उत्सव. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ सुरू होतो आणि तो ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार वगळले तर तो चाळीस दिवसांचा भरतो.

ईस्टरही पौर्णिमेवरून ठरतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यापासून ४७ दिवस मागे मोजले की कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार येतो. म्हणूनच तो कधी फेब्रुवारीत, तर कधी मार्चमध्ये पडतो. २०२५ साली तो ४ मार्च रोजी संपला आणि त्याच आठवड्यात, ७ मार्चपासून, आपल्याकडे फाल्गुनातील अष्टाह्निका लागली.

गोव्यात या सणाचे मूळ नाव ‘इंत्रूज’. पोर्तुगीजांच्या ‘एंत्रुदो’वरून ते आले. पूर्वी पीठ, रंगीत पाणी, पिठाने भरलेल्या कागदी पुड्या एकमेकांवर फेकण्याचा तो धांगडधिंगा असे. आपल्या धुळवडीचाच भाऊ म्हणा ना! आज आपण दूरदर्शनवर पाहतो ती चित्ररथांची मिरवणूक बरीच अलीकडची, मुक्तीनंतर १९६५ पासून रूढ झालेली. ‘किंग मोमो’ नावाचा चार दिवसांचा राजा खाण्यापिण्याचे आणि मौजेचे फर्मान काढतो. मग शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा असा मिरवणुकांचा क्रम साधारणतः असतो.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला मिरवणूक पाहताना पहिला प्रश्न पडतो तो खर्चाचा. हे सारे कोणाच्या पैशाने? गोव्यातील अनेक चित्ररथ व्यापारी कंपन्यांचे असतात आणि मागे जाहिरातीचा फलक झळकत असतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराने याच्या उलट मार्ग धरला आहे. तेथे ‘क्रू’ नावाची मित्रमंडळे वर्गणी काढून स्वतःचे रथ सजवतात आणि रथांवर व्यापारी जाहिरात करण्यास शहराच्या नियमांनीच मनाई आहे. यांपैकी सर्वांत जुने ‘कोमस’ हे मंडळ. त्याची पहिली मिरवणूक १८५७ ची. ते स्थापन करणारे कोण होते? व्यापारीच! पेढी सांभाळणाऱ्या माणसांनी आपल्या खिशातून गावाला करमणूक दिली आणि त्यावर आपल्या पेढीचे नाव घातले नाही, ही गोष्ट मला मिरवणुकीपेक्षाही देखणी वाटते.

दूर कशाला, आपल्या विदर्भातही असा उत्सव आहे. नागपूरच्या इतवारीत ज्यांचे व्याही-जावई आहेत त्यांना मारबत सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासून, पिवळीची १८८५ पासून. सोबतचे बडगे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत कोणालाही सोडत नाहीत. तिथी लक्षात घ्या : भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. चारच दिवसांनी, पंचमीला, आपले दशलक्षण पर्व बसते. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही हे मला मान्य आहे. तरीही गलका आणि संयम पंचांगात असे शेजारी राहतात, याची गंमत वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही तीन मित्र मडगावच्या एका जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या निमंत्रणावरून इंत्रूजला गेलो होतो. पणजीची मिरवणूक पाहिली. तासाभरात कान किटले. खरा आनंद मिळाला तो सासष्टीतील एका गावात. तेथे इंत्रूजच्या दिवसांत ‘खेळ’ होतात. कलावंतांचे टोळके येते, अंगणातच गाणी आणि नाट्य सादर करते आणि गावातल्या बड्यांची यथेच्छ खिल्ली उडवते. सहकाऱ्याच्या वृद्ध आईने आम्हाला सूर्यास्ताची वेळ आधीच विचारून ठेवली होती. उकडलेल्या शेंगा, केळी आणि ओले खोबरे असे ताट दिवस मावळण्यापूर्वी आमच्यापुढे आले. ती हसून म्हणाली, “बुधवारपासून आमच्याकडेही मांस नाही. तुम्ही चार दिवस आधी सुरू केले, एवढेच.”

सोमवारी चांदोरला मुसळ खेळ पाहिला. पुरुष हाती मुसळ घेऊन, जमिनीवर ठोके देत, गाणी म्हणत घरोघर जातात. ख्रिस्ती झालेल्या गावाने जुन्या राजवटींच्या विजयाची आठवण अशी जपली आहे. चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या भोज राजांची राजधानी. आणि आपली भातकुली म्हणजे भोजकट, असे परंपरा सांगते. दोन्ही भोजांचे नाते काय ते इतिहासकारांनी ठरवावे. मला तेथे परके वाटले नाही, एवढे खरे.

हे सारे लिहिण्याचे कारण माझा चोवीस वर्षांचा पुतण्या. त्याला चार मित्रांसह कार्निव्हलला जायचे आहे आणि माझे बंधू संगतीच्या भीतीने नकार देत आहेत. मुलाची अडचण वेगळीच निघाली. तो म्हणाला, “काका, मी पिणार नाही हे नक्की. पण दोघे पितात, आणि त्यातल्या एकाच्या वडिलांशी आपला उधारीचा व्यवहार आहे. मी वेगळा बसलो तर ते बाजारात दिसेल.”

हा प्रश्न खोटा नाही. आपल्या धंद्यात आजचा मित्र हाच उद्याचा ग्राहक असतो, आणि पार्टीतले बिल सरसकट समान वाटले जाते. न पिणारा मुलगा संकोचापायी इतरांच्या मद्याचे पैसे भरतो. पुढच्या वेळी ‘पैसे तर दिलेच आहेत’ म्हणून पेला पुढे येतो. घसरण्याची वाट बहुधा हिशेबातूनच सुरू होते, असे माझे मत झाले आहे. मी बंधूंना म्हटले, मुलाला अडवू नका. हिशेब आधी ठरवू द्या. तिकिटे, खोली आणि जेवण समान. मद्याचे खाते वेगळे. आणि हे गोव्यात टेबलावर बसून सांगायचे नाही, तिकिटे काढण्यापूर्वी अमरावतीतच सांगायचे.

बंधूंनी दोन दिवस विचार केला आणि एक अट घातली : सोमवारी पाचही जणांनी चांदोरला जायचे. पुतण्याने मित्रांना सर्व काही स्पष्ट लिहून कळवले. तिघांनी लगेच होकार दिला. ज्याच्या वडिलांशी आपली उधारी आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.