जाळ्यातला डॉल्फिन आणि आपलं ताट

बंगळुरूहून समुद्र साडेतीनशे किलोमीटर दूर. तरी रविवारी आपल्या मराठी घरांत सुरमई शिजतेच, म्हणून हा अंक. डॉल्फिन हवेत श्वास घेतो. माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात अडकून वर येता आलं नाही, तर गुदमरून मरतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्याला आहे. मासेमारीलाही नियम आहेत: एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी कोकणातले पारंपरिक मच्छीमार आजही अशा मासेमारीविरुद्ध तक्रार करतात. कायदा कागदावर कडक, पाण्यात पातळ!

मच्छीमाराला खलनायक ठरवणं मात्र आम्हाला मान्य नाही. जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. आम्हाला ती दंडापेक्षा शहाणपणाची वाटते.

म्हणून या अंकात कारवारपासून सिंधुदुर्गापर्यंतचे मच्छीमार, अभ्यासक आणि मासे विकणाऱ्या बायका बोलतील. जून-जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीत तुमच्याकडे मासे कुठून येतात? विक्रेत्याला विचारा आणि उत्तर आम्हाला कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.