नगरविद्येची वेस

दर वर्षी जून महिन्याच्या सुमारास मुंबईच्या वृत्तपत्रांत दोन मजकूर शेजारीशेजारी छापले जातात. एक पदव्युत्तर वर्गांच्या प्रवेशांचा आणि दुसरा धरणांतील पाणीसाठ्याचा. पहिला पदवीधर मुले व त्यांचे पालक वाचतात. दुसरा सारे शहर वाचते, कारण पाऊस लांबला की पाणीकपात दाराशी येऊन उभी राहते. या दोन मजकुरांचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका मात्र सहसा कोणास येत नाही. तो संबंध आहे; आणि शहरांचा व शहरी जीवनाचा उच्च अभ्यास आपल्याकडे कसा चालावा, या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे, असे आम्हांस वाटते.

मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर इतकी आहे. यांपैकी एकट्या भातसा धरणाची क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, तर तानसाची १,४५,०८० दशलक्ष लिटर. ही दोन्ही धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. म्हणजे महानगराच्या राखीव पाण्याचा जवळजवळ तीन पंचमांश भाग या एका तालुक्याच्या डोंगरांत साठविला जातो. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले; तेव्हापासून हा व्यवहार अखंड चालू आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्याची कथा फारशी निराळी नाही. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलेल्या बारवी धरणाच्या पाण्यावर कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यातील कारखाने व वस्त्या जगतात आणि त्या जलाशयाखाली मुरबाडकरांच्या जमिनी गेल्या आहेत. याच तालुक्यात काळू नदीवर धरण बांधण्याचे काम वनविषयक परवानग्यांच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली थांबविले. परंतु वाढत्या शहरांची तहान पाहता तो विषय कायमचा मिटला आहे असे कोणी समजू नये.

आणि तरीही उन्हाळा आला की शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. या विसंगतीवर वर्षानुवर्षे लिहिले गेले आहे, आणि त्या लिखाणातील कळवळा खोटा नाही. पण कळवळ्याने प्रश्न समजत नाही. येथे पाऊस कमी पडतो असे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो मुबलक पडतो. परंतु काळा कातळ आणि तीव्र उतार यांमुळे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाते व विहिरी लवकर आटतात. धरण दरीच्या तळाशी असते, पाडे मात्र उंचवट्यांवर विखुरलेले असतात. तेव्हा जलाशय डोळ्यांसमोर असला तरी त्याचे पाणी पंपाने वर चढविल्याशिवाय हंड्यात येत नाही, आणि पंप, वीज व नळ यांचा खर्च तीस-चाळीस घरांच्या पाड्यास पेलत नाही. शहराकडे जाणारे पाणी उताराला लागते. पाड्याकडे जाणाऱ्या पाण्यास डोंगर चढावा लागतो. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी उताराच्याच बळावर शहापुरात आणण्याची जी योजना आखण्यात आली, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. भूगोल, अर्थकारण आणि अधिकार यांचा हा गुंता उलगडणे हे नगरांच्या अभ्यासकाचे काम नव्हे काय?

येथे थोडा इतिहास आठवणे उचित ठरेल. मुंबई विद्यापीठात १९१९ साली जो विभाग स्थापन झाला, त्याचे नाव समाजशास्त्र व नागरिकशास्त्र असे जोडनाव होते. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि येथील अनेक शहरे त्यांनी पायी हिंडून पाहिली. योजनेच्या आधी पाहणी, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या शिकवणुकीचा गाभा एका साध्या आकृतीत सामावला होता. डोंगरापासून समुद्रापर्यंत एका नदीखोऱ्याचा उभा छेद घ्यावा. वरच्या अंगास खाणकामगार व लाकूडतोड्या, मध्ये मेंढपाळ आणि शेतकरी, तळाशी कोळी, अशी माणसे त्यांच्या धंद्यांसह मांडावीत. आणि मग नदीच्या मुखाशी उभे असलेले शहर या साऱ्यांच्या श्रमांतून कसे घडले ते पाहावे. खोरे वगळले तर शहर समजत नाही, हे त्यांचे सांगणे होते.

हा छेद मुंबईच्या संदर्भात कोठे घ्यावयाचा? माहुलीचा डोंगर आणि माळशेजचा घाट यांच्यापासून निघावे. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीवाटे समुद्रास जाते. या वाटेवर ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांचे पाडे लागतात, भातशेती लागते, भाजीचे मळे लागतात. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि त्या विटांच्या भिंती शहरांत उभ्या राहतात. मुलांची शाळा मात्र तेवढे महिने सुटते. कल्याणच्या पुढे रेल्वे १८५५ सालीच वासिंदपर्यंत आली होती. आज कसारा मार्गावर आसनगाव, आटगाव, खर्डी येथून माणसे पहाटे निघून रात्री घरी परततात. मुरबाडला अद्याप रेल्वे नाही. तेथील तरुणास एसटीने किंवा जीपने कल्याण गाठावे लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जून महिन्यात खुला झाला, तो शहापुरातूनच गेला आहे. गेडिस यांनी ज्या विभागाचा पाया घातला, त्याच्यापासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर त्यांची आकृती जिवंत उभी आहे.

त्यांच्यानंतर १९२४ साली विभागाची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. त्यांनी १९५७ साली महादेव कोळ्यांवर ग्रंथ लिहिला आणि १९६२ साली नगरे व संस्कृती यांवर. डोंगरातील जमात व मोठे नगर हे दोन्ही विषय एकाच अभ्यासकाच्या मेजावर नांदू शकत होते, याचा हा पुरावा होय. पुढे ज्ञानाच्या वाटण्या झाल्या. ग्रामीण समाजशास्त्र एका खोलीत गेले, आदिवासी अभ्यास दुसऱ्या, नगररचना तिसऱ्या आणि पाण्याचा प्रश्न अभियंत्यांकडे. प्रत्येक खोलीत विद्वान माणसे बसली आहेत; पण त्यांमधील दारे बंद राहिली तर नदी कोणाच्याच खोलीतून वाहणार नाही.

शासनाच्या व्याख्याही या विभागणीस हातभार लावतात. १९७५ साली मुंबईसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्याच्या प्रदेशात शहापूर व मुरबाड हे तालुके नव्हते. पाणी आत, पाणलोट बाहेर, अशी ती रेषा होती. जनगणनेची व्याख्या पाहावी. पाच हजार लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरमागे चारशे माणसांची दाटी आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, अशा गावास जनगणना शहर मानते. ही कसोटी केवळ पुरुषांचे काम मोजते. नवरा लोकलने ठाण्यास नोकरीवर जातो आणि बायको घरची भातलावणी करते, पाणी भरते. असे गाव नगर की खेडे, हे ठरविताना त्या बाईच्या श्रमास स्थानच नाही. शहापूर व मुरबाड येथे २०१५ साली नगरपंचायती आल्या. नावात नगर आले. पण तेथे नगरजीवन कोणत्या रीतीने रुजते आहे, शेतजमिनीच्या जागी इमारती उठताना कोण मिळवितो व कोण गमावितो, हे जाणून घेण्यास दशवार्षिक गणनेचे आकडे पुरणार नाहीत. त्यातही २०२१ साली व्हावयाची गणना लांबल्यामुळे बराच काळ २०११ च्या आकड्यांवरच भागवावे लागले.

यावर काही आक्षेप घेतले जातील. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात काय काय कोंबावयाचे, असे प्राध्यापक विचारतील. आमचे म्हणणे एवढेच की, चार व्याख्याने कमी झाली तरी चालतील, परंतु एका नळाचा माग उगमापर्यंत घेतल्यावाचून नगरविद्येची पदवी मिळू नये. दुसरा आक्षेप शहरवासीयांचा. महापालिका पाण्याचे पैसे शासनास देते, मग ऋण कसले? पैसे दिले जातात हे खरे. पण किंमत चुकती केल्याने वस्तू कोठून आली याचे ज्ञान होत नाही, आणि ज्ञानाच्या अभावी घेतलेले निर्णय पुढे कोर्टात जाऊन अडतात, हे काळू धरणाने दाखविले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो खेड्यांचा आहे. पाहण्या करणारे येतात, कागद भरून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवीत नाहीत. ही तक्रार रास्त आहे. तिला उत्तर एकच: पाहणारा कोण, हे बदलले पाहिजे.

आम्ही पूर्वी शिक्षक होतो, म्हणून हे जरा ठासून सांगतो. आसनगावहून रोज लोकलने जाणारी मुलगी किंवा मुरबाडहून पहाटेची गाडी पकडणारा मुलगा यांस शहर व खेडे यांचे नाते पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. ते त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यांस हवी असते ती शास्त्राची शिस्त आणि शिक्षण पुरे होईपर्यंत तग धरण्याची सोय. परंतु उच्च वर्गांच्या दारात त्यांची पहिली गाठ पडते इंग्रजीशी. पुण्याच्या गोखले संस्थेने केलेली पुणे शहराची पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली, तीही इंग्रजीतच. मराठी मुलखातील नगरांविषयीचे महत्त्वाचे लिखाण बहुतांशी अशा भाषेत आहे, जी त्या नगरांतील बहुसंख्य लोक वाचीत नाहीत. मग ज्याच्या दारातून नळ जातो, त्यास त्या नळाविषयी काय लिहिले गेले आहे ते कळावे कसे?

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. मुंबई व ठाणे परिसरातील ज्या संस्था नगरजीवन, नगररचना वा नागरी प्रशासन हे विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवितात, त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्यास किमान काही आठवडे शहापूर-मुरबाडसारख्या उगमाच्या तालुक्यात राहून काम करण्यास लावावे. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रकल्पास जे स्थान दिले आहे, त्याचा असा उपयोग व्हावा. दुसरे, या कामाचा प्रबंध किंवा निदान त्याचा सविस्तर गोषवारा मराठीत लिहिला जावा आणि ज्या गावी पाहणी केली तेथील ग्रामसभेपुढे तो वाचून दाखविल्यावाचून गुण दिले जाऊ नयेत. चूक असेल तर गावकरीच दुरुस्त करतील. त्याहून चांगला परीक्षक विद्यापीठास मिळणार नाही. तिसरे, ज्या महापालिका या तालुक्यांचे पाणी पितात, त्यांनी येथील पदवीधरांसाठी शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. हे दान समजू नये. आपल्या पाण्याचा जमाखर्च जाणणारी माणसे तयार करणे हे त्यांच्याच हिताचे आहे.

पाऊस यंदाही पडेल, धरणे भरतील आणि साठ्याचे आकडे पाहून शहर सुटकेचा निःश्वास टाकील. त्याच सुमारास विद्यापीठांतील नवे वर्गही भरतील. त्या वर्गांतून उद्याचे नगररचनाकार, अधिकारी व अध्यापक निघणार आहेत. पुढचे धरण कोठे बांधावे, कोणते गाव उठवावे आणि कोणत्या पाड्यास नळ द्यावा, हे त्यांच्याच सहीने ठरणार आहे. ती सही करण्यापूर्वी त्यांनी ते गाव एकदा तरी पाहिलेले असावे, आणि सही करणाऱ्यांत त्या गावचाही कोणी असावा, एवढी अपेक्षा नगरविद्येकडून ठेवणे मुळीच गैर नाही.