भाडं एकच, इंग्रजी शब्द चार

फेअर म्हणजे भाडे, रेंट म्हणजे भाडे, हायर म्हणजे भाड्याने घेणे. वहीत अशी यादी लिहून दिली की मुलं गोंधळणारच! मराठीत आपण एकाच 'भाड्या'त सगळं भागवतो, त्यात मुलांचा काय दोष?

माझ्या मते अर्थ पाठ करून घेण्याऐवजी पैसे कशाचे दिले ते विचारावं. आपल्या मांजरीचंच घ्या ना. मांजरी बुद्रुक स्टेशनवरून दौंडला जाताना तिकिटाचे देतो ते फेअर. खोलीचे महिन्याला देतो ते रेंट. बसमध्ये तिकीट काढून बसलो तर फेअर, पण सहलीसाठी अख्खी बस ठरवली तर ती हायर केली. अमेरिकेत मात्र दोन दिवसांच्या गाडीलाही रेंटच म्हणतात, तो त्यांचा रिवाज. आणि ट्रकने द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या तर माल गेला, माणूस नाही, म्हणून फ्रेट.

इंग्रजी तरी कुठे श्रीमंत? काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे अंकल! हे सांगितलं की वर्ग हसतो, भीती जरा कमी होते. 'बस रेंट' लिहिणाऱ्याचा मार्क कापण्याआधी एवढंच विचारा, "बस महिनाभर दारात ठेवलीस का रे?"